ग्राहकांची यादी कुणाकुणाकडे गेली?

एलएलबीनंतर काळा कोट न चढवता मी पुण्यात लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकान-साखळीत, कम्प्लायन्समध्ये, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते का हे बघणाऱ्या विभागात, लागले. "म्हणजे करतेस तरी काय?" असं आई विचारायची. पहिले दोन महिने मलाही नीट सांगता यायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. "माझ्या मुलीचा वाढदिवस विमावाल्याला कसा कळला?" शोधलं तर आमच्याच एका शाखेच्या मॅनेजरने एक्सेल शीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. आईचं नाव, मोबाइल, बाळाची जन्मतारीख. पैसे घेतले नव्हते त्याने. "ओळखीतला आहे हो मॅडम, दिवाळीत गिऱ्हाईक पाठवतो आपल्याकडे."

मी आयटी कायद्याखालचे, लोकांच्या वैयक्तिक माहितीबद्दलचे २०११चे नियम काढले. त्यातल्या 'संवेदनशील' माहितीच्या यादीत पासवर्ड, बँक-कार्डाचे तपशील, आजारपण, बायोमेट्रिक हे सगळं आहे. मोबाइल नंबर नाही, जन्मतारीख नाही. लगेच टिपण लिहिलं: उल्लंघन नाही. सिनियरांनी त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं, "बाईंनी तारीख कशासाठी दिली होती?" आणि खाली आयटी कायद्याचं कलम ७२अ. करारातून हाती आलेली वैयक्तिक माहिती कुणी संमतीशिवाय, नुकसान किंवा गैरफायदा होईल हे ठाऊक असून फोडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. हे कलम 'संवेदनशील' माहितीपुरतं नाही. मॅनेजरला ते ठाऊक होतं हे सिद्ध करणं अवघड, पण म्हणून 'उल्लंघन नाही' लिहून मोकळं व्हायचं नसतं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर संवेदनशील-असंवेदनशील असा भेदच नाही. अठराखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती पडताळून घ्यावी लागते. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे सध्या कंपन्यांना माणसं हवी आहेत. या कामात नव्याने येणार असाल तर हीच वेळ.

अभ्यास करताना कलमं पाठ करण्यापेक्षा कायद्यातली उदाहरणं वाचा. एकात फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं अ‍ॅप फोनबुकही मागतं. बाई 'हो' म्हणते, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते, कारण त्याला फोनबुक लागत नाही. अर्धी नोकरी या एका उदाहरणात आहे. (गाइडं मात्र नेमकी हीच गाळतात.)

उरलेली अर्धी बिलाच्या काउंटरवर. मी आठवडाभर तिथे स्टूल टाकून बसले. "मॅडम नंबर?" इतकंच विचारलं जायचं, कशासाठी ते कुणी सांगायचं नाही. शिवाय रोजची शीट एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीकडे जायची आणि त्यांच्याशी साधा करारही नव्हता. एजन्सीने घोळ घातला तरी नव्या कायद्यात उत्तर द्यायचं ते दुकानानेच.

मॅनेजरने माझ्यासमोर व्हॉट्सअ‍ॅपवरची शीट डिलीट केली आणि "झालं ना मॅडम?" म्हणाला. विमावाल्याला फोन लावला, तर त्याने ती आधीच त्याच्या मेहुण्याला पाठवली होती. मेहुणा प्ले-ग्रुप चालवतो.