स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आवळलेला व्रण मोकळा कसा करावा

टाके निघाले, जखम भरली, डॉक्टरही खूश. तरी वरच्या फळीवरची वस्तू काढायला हात उचलला की छातीत काहीतरी तटकन ओढलं जातं. पुष्कळ जणी त्या दिवसापासून हात वर न्यायचंच सोडून देतात, आणि मग खांदाही आखडतो.

ओढतं ते काय? जखम भरताना शरीर घाईघाईने कोलॅजनचे धागे टाकतं. ते दाटीवाटीने बसतात आणि वरची त्वचा खालच्या थरांना चिकटते. या धाग्यांची फेररचना वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालू राहते. रेडिएशन झालं असेल तर घट्टपणा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही वाढू शकतो. म्हणून हे काम आठवड्याभरात उरकणारं नाही.

सुरुवात कधी करायची, तर खपल्या आपोआप पडल्यावर, कुठेही ओल नसताना आणि सर्जनने हो म्हटल्यावर. बहुतेकींच्या बाबतीत ऑपरेशननंतर 3 ते 6 आठवड्यांनी ही वेळ येते. रेडिएशन चालू असेल तर त्या भागाला मालिश नको. कातडी पूर्ण बरी होऊ द्या.

आधी नुसतं तपासा. व्रणाशेजारी दोन बोटं सपाट टेकवा आणि त्वचा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून बघा. एका बाजूला ती सहज जाते, दुसरीकडे अडते. काम तिथेच आहे.

आता मालिश. हात धुवा, बिनवासाचं मॉइश्चरायझर घ्या, पण अगदी थोडं. तेलाने माखून खसाखसा चोळण्याची आपल्याला भारी हौस, आणि नेमकं तेच इथे चुकतं: बोटं वरच्या वर घसरतात, चिकटलेला थर होता तिथेच राहतो. बोट त्वचेवरून फिरवायचं नाही, त्वचेला सोबत घेऊन फिरवायचं. अडणाऱ्या दिशेला त्वचा हलकेच सरकवा, ताण जाणवला की तिथेच थांबा, दोन-तीन श्वास घ्या, सोडा. मग एक बोटभर पुढे सरका. व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं गेल्यावर लहान लहान गोल फिरवा. काही दिवसांनी त्वचा सैल वाटू लागली की चिमटीत अलगद उचलूनही बघा. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 2 वेळा पुरे. ओढ जाणवावी, टोचरी वेदना नको. लाली थोड्या वेळात उतरली नाही, तर दाब जास्त झाला.

मालिश झाल्या झाल्या व्यायाम करा, कारण मोकळी झालेली त्वचा तेव्हाच हालचालीला साथ देते. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढा, ताण लागेल तिथे 15-20 सेकंद थांबा, हळूच उतरा. 5 वेळा. खांदा कानाकडे उचलून उंची गाठली तर ती फसवाफसवी आहे, मोजायची नाही.

काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली तार दिसली तर घाबरू नका. काखेतल्या गाठी काढल्यावर हे बऱ्याच जणींना होतं. पण ती स्वतः ओढून तोडायला जाऊ नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

जिथे बधिरपणा आहे किंवा रेडिएशन झालंय, तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका बसलेला कळतही नाही. उन्हात व्रण झाकून ठेवा, नाहीतर तो काळा पडतो.

व्रण लाल होऊन तापला, पाणी येऊ लागलं, ताप भरला, नवी गाठ लागली किंवा हात सुजून जड झाला, तर मालिश लगेच बंद करून डॉक्टर गाठा. बांगडी किंवा बाही अचानक घट्ट होणं हेही सुजेचंच लक्षण.

भिंतीवर बोटं पोचली तिथे पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा. आठवड्यातून एकदाच बघा, रोज मोजलं तर उगाच हिरमोड होतो. दोन-तीन आठवडे खूण तिथेच राहिली किंवा खाली आली, तर घरच्या घरी जोर लावत बसू नका. फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्या तारखा सांगा.