धामणगाव गढी ते चिखलदरा: घाट चढताना पक्षी कसे मोजायचे

"वर चिखलदऱ्याला जास्त पक्षी, का खाली पायथ्याला धामणगाव गढीकडं?" पक्षी बघायला येणारं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. हे अंदाजानं सांगण्यासारखं नाही, मोजावं लागतं. आणि मोजताना उंची सोडून बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवावं लागतं. नाहीतर आपण उंचीच्या नावावर नाल्याचं पाणी मोजून येतो.

पायथ्याकडचं परतवाडा समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या आत, चिखलदरा 1100 च्या आसपास. दर 1000 मीटरला हवा साधारण 6.5 अंशांनी गार होते, म्हणजे घाट चढलो की साडेचार अंशांचा फरक पडतो. त्यानं झाडोरा बदलतो, किडे बदलतात आणि किड्यांवर जगणारे पक्षीही. जिथं पायथ्यापासूनच भरपूर पाऊस आहे अशा डोंगरांवर चढत जाऊ तशा पक्ष्यांच्या जाती बहुधा कमी होत जातात. पायथा कोरडा असेल तर पुष्कळदा मधल्या उंचीवर जाती सर्वांत जास्त भरतात, कारण ऊब आणि ओल दोन्ही तिथं मिळतात. आपला सातपुडा पायथ्याशी कोरडाच, म्हणून "खालीच जास्त असणार" असं धरून निघू नका.

आधी उंचीचे पट्टे पाडा, दर 100 मीटरचा एक. मोबाइलवरची उंची उभ्या जागी वरखाली होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर दर 20 मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) असते, तिच्याशी ताडून पाहा. प्रत्येक पट्ट्यात सारखेच थांबे ठरवा, सहा पुरेत. दोन थांब्यांत किमान 200 मीटर अंतर हवं, तेही सरळ रेषेत. हे मी मुद्दाम सांगते. घाटाच्या वळणावर रस्त्यानं 200 मीटर चाललात तरी आधीचा थांबा पायाखाली हाकेवर असतो, आणि तोच कोतवाल पक्षी दोनदा वहीत येतो. नाल्याकाठचे थांबे घ्यायचे तर सगळ्या पट्ट्यांत घ्या, नाहीतर कुठंच नको. रस्ता सोडून रानात शिरायचं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी आधी काढा.

सूर्योदयानंतर अर्ध्या तासानं सुरुवात करा. थांब्यावर पोचलात की तीन मिनिटं नुसतं उभं राहा, तुमच्या पावलांनी गप्प झालेलं रान पुन्हा बोलायला लागतं. मग दहा मिनिटं मोजा. पन्नास मीटरच्या आतलेच पक्षी धरा, डोक्यावरून उडून जाणारे वेगळे लिहा. माझ्यासोबत येणारी आठवीतली पोरगी म्हणते, "बाई, आधी कान लावा, मंग डोये." अगदी बरोबर आहे तिचं. एप्रिलात खालचा साग निष्पर्ण असतो, तांबट शेंड्यावर बसला तरी दिसतो. वर जांभळाच्या गर्द सावलीत स्वर्गीय नर्तक हाताच्या अंतरावर असून दिसत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढं "दिसला" की "ऐकला" हे लिहाच. नाहीतर पानगळीचा फरक उंचीचा म्हणून खपतो.

मिश्र थवा आला की घाई करू नका. निखार, चष्मेवाला, वल्गुली, मागून कोतवाल, असे ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकतात. आधी जाती टिपा, मग एकेकीची संख्या.

दुसऱ्या दिवशी उलट क्रमानं, वरून खाली या. रोज खालूनच सुरुवात केली तर खालच्या पट्ट्याला पहाटेची किलबिल मिळते, वरच्याला भरदुपारची शांतता. हिवाळ्यातली आणि विणीच्या हंगामातली नोंद एकत्र करू नका. थंडीत उत्तरेकडून पाहुणे आलेले असतात.

आता हिशेब. जाती किती आणि पक्षी किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा एका पट्ट्यात 300 पक्षी नोंदले, दुसऱ्यात 120. जास्त पक्षी पाहिले की जातीही जास्त सापडणारच. म्हणून त्या 300 पक्ष्यांच्या, प्रत्येकीवर एकाची जात लिहून, चिठ्ठ्या करा, डोळे मिटून 120 उचला, त्यात किती जाती आल्या ते मोजा. असं पुष्कळदा करून सरासरी काढा आणि मग 120 वाल्या पट्ट्याशी तुलना करा. संगणक हे क्षणात करतो, पण शाळेतल्या पोरांसोबत एकदा खऱ्या चिठ्ठ्या काढाच, गोष्ट कायमची समजते.

आकडा कमी आला म्हणून तो पट्टा बिनमोलाचा ठरत नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड नामशेष झालं असं मानलं जात होतं. 1997 साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढं आपल्या मेळघाटातही आढळला. त्याला मोकळं, कोरडं सागवान लागतं, जातींची गर्दी नव्हे.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना प्रत्येक थांब्याची यादी वेगळी करा. सगळ्या घाटाची एकच यादी टाकली तर उंची त्यातून पुसली जाते. रानपिंगळ्याचं घरटं दिसलं तर मात्र नेमकी जागा कुठंच लिहू नका, वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटून सांगा.