भूचुंबकीय वादळ घरी कसे टिपावे: महाराष्ट्रातल्या अक्षांशासाठी

सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताने, म्हणजे सौरवाताने, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं ते भूचुंबकीय वादळ. ते घरी कसं टिपावं हे इंटरनेटवर शोधलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. काचेच्या बरणीत दोऱ्याला चुंबक टांगा, त्यावर आरशाचा तुकडा चिकटवा आणि भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका सरकतो का ते बघा. स्कॉटलंडमध्ये किंवा नॉर्वेत हे जमतं. तिथे अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, पट्ट्यातल्या विद्युतप्रवाहांमुळे चुंबकीय क्षेत्राची दिशाच हलते, आणि टांगलेलं चुंबक दिशाच दाखवतं. आपल्याकडे, अठरा-एकोणीस अंश अक्षांशावर, प्रकार वेगळा आहे. वादळात पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह, म्हणजे अवकाशात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारित कणांचा विद्युतप्रवाह, बळावतो आणि त्याचं क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या जवळजवळ थेट विरुद्ध दिशेला पडतं. सुई उत्तरेकडेच बघत राहते, तिला ओढणारा जोर मात्र घटतो. म्हणजे ऐन वादळातही बरणीतला ठिपका जेमतेम हलतो.

आपल्याला मोजायचा आहे क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक. पुस्तकांत त्याला ‘एच’ म्हणतात. मुंबई-अलिबाग परिसरात तो ३८ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास असतो. मध्यम वादळात तो ५० ते १०० नॅनोटेस्लाने उतरतो, तीव्र वादळात त्याहून जास्त. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. त्या दिवशीचं वादळ, ज्याला कॅरिंग्टन वादळ म्हणतात, किती मोठं होतं हे ठरवताना जगभरचे अभ्यासक आजही त्या नोंदीकडे वळतात.

काय घ्यावं

आरएम३१०० नावाचा सेन्सर घ्या. दुसरा शोधत बसू नका. बाजारात एचएमसी५८८३एल म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पट्ट्या होकायंत्रासाठी बनवलेल्या असतात. त्यांची विभेदनक्षमताच २०० नॅनोटेस्लाच्या घरातली, त्यात अख्खं मध्यम वादळ बुडून जातं. मोबाइलमधल्या होकायंत्राच्या अ‍ॅपने वादळ टिपता येतं असं सांगणाऱ्याला तर हात जोडावेत. सोबत मोजण्या साठवणारा कंट्रोलर म्हणून एक ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय, तापमानाचा एक सेन्सर, दोन हात लांबीचा पीव्हीसी पाइप, त्याची दोन टोपणं आणि पितळी किंवा नायलॉनचे स्क्रू. स्टेनलेसचे नकोत, कारण वाकवलेलं, ठोकलेलं स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला चिकटतं.

जोडणी सोपी आहे, तयार लायब्ररी मिळतात. सायकल काउंट (सेन्सरची एक सेटिंग, मोजणी किती बारीक हे ती ठरवते) २०० ठेवा, सेकंदाला एक मोजणी घ्या आणि मिनिटाची सरासरी साठवा. एका मोजणीची पायरी १३ नॅनोटेस्लाची असते, पण सरासरीत गोंगाट दोन-तीनपर्यंत खाली येतो. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवा. कंट्रोलर आणि वीजपुरवठा सेन्सरपासून निदान एक मीटर दूर ठेवा.

जागा

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गावच्या घराचं परसू, शेत किंवा ओळखीच्या शाळेचं आवार बघा. लिफ्ट, पाण्याचा पंप, पार्किंग यांच्या मधोमध सेन्सर ठेवून काही हाती लागत नाही. दहा मीटरवरची मोटार क्षेत्रात दहा-वीस नॅनोटेस्लाची उडी आणू शकते. अंतर दुप्पट केलं तर परिणाम एक अष्टमांशावर येतो, निम्मं केलं तर आठपट होतो. म्हणून वीस मीटर सोडाच. कायम एका जागी असलेलं लोखंड एवढं नडत नाही, हलणारं नडतं. कोकणातला जांभा किंवा देशावरचा काळा पाषाण चुंबकीय असतो म्हणून घाबरू नका. तो जागचा हलत नाही, आणि आपल्याला फक्त बदल हवा आहे.

ज्यांना हे फार काटेकोर वाटतं त्यांनी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास आठवावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. आख्खी वेधशाळा ट्रामपुढे हटली. आपली पाइपातली वेधशाळा शेजाऱ्याच्या बोलेरोपुढे कशी टिकणार?

आणि गच्ची नको. मोकळी, उंच, कुणी फिरकत नाही म्हणून सगळे तीच सुचवतात. वर दिवसभर ऊन, आणि ऊन का नडतं ते पुढे येतंच. याहून वाईट जागा घरात सापडायची नाही.

खरी अडचण: दुपारचा फुगवटा

इथे मी सगळ्यात जास्त झगडलो आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात. त्यामुळे जरा थांबून वाचा.

यंत्र सुरू केलं की पहिल्याच दिवशी आलेखावर दुपारी एक फुगवटा दिसतो. उत्साही माणूस त्याला वादळ समजतो. थोडं वाचलेला माणूस म्हणतो, ही तर रोजची सौर चढ-उतार. सूर्यप्रकाशाने आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, प्रवाह वाहतात आणि आपल्या अक्षांशावर एच सकाळपासून चढून मध्यान्हाच्या आधी-नंतर शिखर गाठतो, काही दहा नॅनोटेस्लांचं. हे खरं आहे. पण तुमचा फुगवटा तोच आहे कशावरून? ऊनही दुपारीच चढतं. खरी लहर आणि उन्हाने केलेली खोटी लहर एकमेकींवर बसतात, आणि आलेख इतका पुस्तकातल्यासारखा दिसतो की कुणाला शंका येत नाही.

ऊन खोटी लहर आणतं ते मुख्यतः सेन्सरला कलवून. त्याचा हिशेब असा. आपल्याकडे क्षेत्राचा उभा घटक सुमारे २० हजार नॅनोटेस्ला आहे. सेन्सरचं उत्तरेकडचं टोक फक्त ०.१ अंशाने खाली-वर झालं तरी उभ्या घटकातले ३५ नॅनोटेस्ला तुमच्या एचमध्ये मिसळतात. एवढा कल यायला प्लास्टिकची पट्टी उन्हात किंचित वाकणं पुरेसं आहे. गरम गोंदाने चिकटवलेला सेन्सर तर रोज दुपारी मऊ होतो आणि रोज रात्री नव्या जागी घट्ट होतो. गोंदाची बंदूक या कामात हातातच घेऊ नका. आडवं वळणं मात्र फारसं बाधत नाही, सेन्सरचा एक्स अक्ष चुंबकीय उत्तरेकडे नेमका धरलेला असेल तर.

तो तसा धरायची सोपी रीत आहे. पाइप आडवा, उत्तर-दक्षिण ठेवा, स्पिरिट लेव्हलने समतल करा आणि वाय अक्षाचं वाचन शून्य होईपर्यंत पाइप हलकेच वळवा. आता एक्स जे दाखवतो तेच एच. लेव्हल बाजूला घेऊन मग वाचा, काही लेव्हलच्या बुडाला चुंबक असतं.

उन्हावर उपाय एकच, पुरणं. साठ-सत्तर सेंटिमीटर खोलीवर दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट जवळजवळ विरते. थर्माकोलचा खोका, चंदेरी कागद, झाडाची सावली हे सगळे उपाय फुगवटा लहान करतात, घालवत नाहीत. आणि लहान झालेला फुगवटा जास्त फसवतो. ज्यांनी खड्डा खणायचा कंटाळा केला त्यांचे आलेख मी बघत नाही.

पुरतानाही एक गोम आहे. रिकामा, दोन्हीकडून बंद पाइप पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की तरंगू बघतो. आषाढात वर उचलला जातो आणि तिरका बसतो. म्हणून पाइपात सेन्सरच्या भोवती कोरडी वाळू भरून तो जड करा, तापमानाचा सेन्सर आतच ठेवा, टोपणं सोल्व्हंट सिमेंटने बंद करा आणि माती ठोकून बसवा. वाळू भरण्याआधी तीतून चुंबक फिरवून बघा. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची काळी वाळू तर मुळीच नको, तीत चुंबकीय खनिजं असतात.

मग दोन-तीन आठवडे नुसतं बघा. एच आणि तापमान एकाच कागदावर काढा. शिखर मध्यान्हाच्या आसपास येऊन दुपारी उतरत असेल तर ती खरी सौर लहर. तीन-चारला शिखर आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळणं, हे ऊन. उत्तम कसोटी ढगाळ दिवसांची. आयनांबर ढगांच्या कितीतरी वर आहे, त्याला मळभाशी देणंघेणं नाही. मळभ आलं की दर वेळी फुगवटा बसत असेल तर पुन्हा खणा.

वादळ कसं ओळखावं

आधी काही मिनिटांत एच झटकन चढतो, कारण सौरवाताचा धक्का पृथ्वीच्या चुंबकावरणाला दाबतो. मग कित्येक तास घसरण, मग एक-दोन दिवसांची किंवा त्याहून लांब भरपाई. कधी सुरुवातीचा झटका नसतो, घसरण मात्र असतेच. १० मे २०२४ चा झटका भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास आला आणि पुढच्या काही तासांत डीएसटी, म्हणजे वलयप्रवाहाचा जोर दाखवणारा क्योटो विद्यापीठाचा निर्देशांक, उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला. घसरण रात्रीची असेल तर उन्हाचा संशयही उरत नाही.

खात्रीसाठी इंटरमॅग्नेटवर, म्हणजे जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्याच्या संकेतस्थळावर, अलिबाग किंवा हैदराबादचा आलेख काढा आणि शेजारी ठेवा. आकडे जुळणार नाहीत, आकार जुळला पाहिजे.

आगाऊ सूचना हवी असेल तर केपीच्या मागे लागू नका. तो तीन तासांचा जागतिक निर्देशांक आहे, आत्ता काय चाललंय ते सांगत नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल१ बिंदूजवळ असलेले उपग्रह मोजतात ते बीझेड, म्हणजे सौरवातातल्या चुंबकीय क्षेत्राचं उत्तर-दक्षिण माप, बघा. ते दक्षिणेकडे वळून उणे दहा नॅनोटेस्लाच्या खाली तासन्‌तास राहिलं तर आलेख उघडून बसा. तिथून इथे यायला सौरवाताला साधारण अर्धा ते एक तास लागतो.

अरोराचं काय?

महाराष्ट्रातून नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईत अरोरा दिसल्याची नोंद आहे, पण तसल्या वादळाची वाट बघत गच्चीवर रात्री काढू नका. पुण्यात केपी पाचला वाजणारं अ‍ॅप काढून टाका. भारतात खरी शक्यता लडाखमध्ये. मे २०२४ मध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची लाल आभा टिपली. इतक्या दक्षिणेकडून प्रकाशाचा वरचा, दोनशे किलोमीटरपलीकडचा लाल भागच दिसतो, हिरवा भाग क्षितिजाखाली राहतो. तो लाल रंग डोळ्यांना करडा वाटतो किंवा जाणवतच नाही. कॅमेरा तिवईवर, रोख उत्तरेला, रुंद लेन्स, आयएसओ ३२००, दहा ते पंधरा सेकंद. कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एवढी खटपट करायची गरज नाही, आणि त्यांना बरणीतलं चुंबकही चालेल.