समुद्राचं लँडस्केप स्पॉटवर करायचंय? आधी तिथी बघा, मग रंग काढा

चित्रांच्या कॅम्पला आलेले बरेच जण चहा-पोहे आटपून आरामात साडेदहाला किनाऱ्यावर पोचतात आणि तोवर ऊन डोक्यावर, सावल्या गायब. हर्णैला पहिल्या वर्षी मीही हेच केलं. म्हणून पहिली स्टेप वेळ ठरवायची, म्हणजे भरतीची, रंगांची नाहीच. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, मग साधारण सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून सहाएक तासांनी ओहोटी. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे जाते, त्यामुळे कालचं चित्र आज त्याच वेळेला जाऊन पुरं करू हे डोक्यातून काढून टाका.

मग जागा. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागे असतो आणि सुवर्णदुर्गाचा तट छान उजळलेला दिसतो, चारनंतर तोच किल्ला नुसता जांभळट आकार. दोन्ही भारी, पण एका चित्रात एकच घ्या. कागद सावलीत ठेवा, उन्हात केलेलं चित्र खोलीत नेलं की काळंकुट्ट वाटतं.

जलरंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे जाड कागद, चारी बाजूंनी टेप, दोन-तीन ब्रश आणि दोन लिटर गोडं पाणी. समुद्राचं पाणी अजिबात नको, मीठ कागदात राहतं आणि ओल धरतं.

ड्रॉइंगमध्ये तरंगणारी होडी सगळ्यात आधी. मी एकदा अर्धी काढून चहाला गेलो, परत येतो तर पाणी फिरलेलं आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, भलतीकडेच! माणसं सपाट पुळणीवर असतील तर सोपी युक्ती आहे, तुम्ही उभं राहून काढत असाल तर जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी साधारण क्षितिजावर येतात, बसून काढत असाल तर क्षितिज त्यांच्या कमरेच्या आसपास. संध्याकाळच्या मासळी लिलावाची गर्दी यानेच जमते, एकेक चेहरा काढत बसलात तर मेलात.

आता रंग. समुद्र निळा नसतो हो, निदान आपल्याकडे काठाशी तरी नाही, तिथे गढूळ हिरवट-राखाडी. खरी मजा ओल्या वाळूत आहे. लाट मागे सरली की दोन-तीन सेकंद ती वाळू आरसा होते, कोरडीपेक्षा गडद आणि वर आभाळाचा रंग, तर वाळूचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असतानाच आभाळाचाच पातळ रंग सरळ खाली ओढा आणि हात काढून घ्या, परत परत घोळलात की चिखल झालाच म्हणून समजा. सकाळच्या दमट हवेत वॉश सुकता सुकत नाही, म्हणून आभाळ तेव्हाच उरकून घ्या, वारं सुटलं की ब्रश टेकवेपर्यंत कड सुकते.

दीड तासाने थांबा, उजेड बदललेला असतो. आणि कागदावर उडालेली वाळू ओली असताना पुसू नका, रंगावर ओरखडे येतात, पूर्ण सुकली की पॅड उलटं करून मागून टिचकी मारा.