स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर घर चालवायचं तर

मी देवरुखात वायरिंगची कामं करतो. जूनचा पहिला वारा सुटला की आमच्याकडे फांद्या तारांवर पडतात. गेलेली लाईट कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर दापोली-मंडणगडाकडे कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. त्यामुळे साधा इन्व्हर्टर घेतलेला माणूस हमखास विचारतो, "यावर काय काय चालेल?"

आधी हिशेब करा. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. पण बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. हाती हजार-अकराशे धरा, तेही बॅटरी नवी असेल तर. जुना पंखा ७५ वॉट, एलईडी ट्यूब २०, वायफाय १०. दोन पंखे, तीन ट्यूब आणि वायफाय लावलं तर पाच तास निघतात. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे तीसेक वॉटचे असले, तर आठ तासांपर्यंत जाता येतं. दुसऱ्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी पंखे बदला, असंच मी सगळ्यांना सांगतो.

स्वस्तातले इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्ह असतात, म्हणजे त्यांच्या विजेची लाट घरच्या लाईटसारखी गुळगुळीत नसते, चौकोनी असते. त्यावर साधा पंखा घूं घूं करतो. रेग्युलेटर फुल ठेवला की आवाज बराच कमी होतो. फ्रिज मात्र लावू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो, शिवाय या वेव्हवर तापतो. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास गार राहतो, म्हणून पावसाळ्यात फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. मिक्सरचं वाटण लाईट असतानाच उरकून घ्या. ७०० वॉट काढायचे तर बॅटरीच्या वायरमधून सत्तरच्या आसपास अँपिअर जातात. इस्त्री, गीझर, इंडक्शन, पाण्याचा पंप यांचं नावच काढू नका. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर स्वस्तात बघू नका, पुरेशा ताकदीचा सायन वेव्हच (गुळगुळीत लाटेचा) घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जण दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करतात. एक पिन इन्व्हर्टरमध्ये, दुसरी भिंतीच्या सॉकेटमध्ये, की सगळं घर चालू. अशी वायर दिसली की मी तिथल्या तिथे कापतो. मेन स्विच चालू राहिला तर तुमचा करंट मीटरमधून उलटा बाहेरच्या तारांवर जातो, आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला तर पलीकडे तो हजारो व्होल्ट होऊ शकतो. त्या वेळी भर पावसात खांबावर लाईनमन चढलेला असतो, लाईन बंद आहे असं समजून. त्याचा जीव जाईल हो! सॉकेटमधून निघालेली पिन हातात धरली तर तुमचाही. वायरमनकडून ठरावीक पॉइंटना इन्व्हर्टरची वेगळी लाईन ओढून घ्या, मध्ये एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) टाका. एका दिवसाचं काम आहे.

बॅटरी हवेशीर जागी ठेवा. बंद कपाटात नको, आणि देवघराजवळ तर नकोच: चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तिथे निरांजन, उदबत्ती असते. पाणी डिस्टिल्डच घाला, आरओचं चालत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून, आधी निगेटिव्ह वायर सोडवा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. नंतर पंखे तासभर चालवून लगजवळ हात न्या. धग लागली तर लग अजून ढिला आहे.

लाईट आली की बिल वाचवायला इन्व्हर्टरचा प्लग बंद करण्याची सवय आमच्या आळीत बऱ्याच जणांना आहे. तसं करू नका. उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास, कधी जास्तही लागतात. अर्धवट भरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत बसते.