लेहची खेप कशी भरतात: हवा, तोल आणि साखळ्या

हवाई दलाच्या वाहतूक स्क्वॉड्रनची (विमानांच्या तुकडीची) ताकद विमानांच्या संख्येवरून जोखायला गेलं की हमखास फसगत होते. चंदीगडला जे विमान पोटभर माल घेऊन उडतं, तेच लेहला कमी माल घेऊन जातं आणि लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीला त्याहूनही कमी. म्हणून खेप आखताना मालाची यादी नंतर बघायची. आधी बघायची ती जिथं उतरायचं ती धावपट्टी.

आधी हवा मोजा

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर आहे. प्रमाण हवामानात या उंचीवर तापमान उणे ६ अंश सेल्सिअस असायला हवं (दर हजार फुटांना साधारण २ अंश घट). प्रत्यक्ष तापमान त्याच्या वर जितकं असेल, त्या प्रत्येक अंशामागे १२० फूट उंचीत मिळवायचे. हवेचा दाब नेहमीसारखा धरला, तर सकाळी ५ अंश असताना विमानाला ती धावपट्टी सुमारे १२,००० फुटांवर असल्यासारखी वाटते. दुपारी पारा २५ वर गेला की तीच धावपट्टी सुमारे १४,४०० फुटांची होते.

याचा परिणाम चाकांवर दिसतो. विरळ हवेत वेगदर्शक ११० नॉट दाखवत असला, तरी १४,४०० फुटांच्या हिशेबात जमिनीवरचा खरा वेग १३७ नॉटच्या आसपास असतो. वेग सव्वापट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. इंजिनांचा जोर घटतो तो वेगळाच. लेहच्या खेपा सकाळी उरकण्यामागे मुख्य कारण हेच, शिवाय दुपारी वाराही सुटतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: डोंगरांमुळे इथं उतरायचं पूर्वेकडे तोंड करून आणि उडायचं पश्चिमेकडे. त्यामुळे उडताना पश्चिमेचा वारा सोयीचा, पण उतरताना तोच पाठीवर येतो.

मग इंधन. लेहला मिळणारा प्रत्येक लिटर कुणीतरी वर चढवलेला असतो, म्हणून परतीचं इंधन शक्यतो खालूनच न्यायचं. उतरताना जेवढं वजन चालेल त्यातून रिकाम्या विमानाचं वजन, कर्मचारी, परतीचं इंधन आणि राखीव इंधन वजा करा. उरेल तो माल. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे उड्डाणाचं वजन बघून माल ठरवणं आणि उतरण्याचं वजन विसरणं. लेहहून परत उडतानाची मर्यादा वेगळी काढायची, आणि दोन्हींत जी कडक असेल ती पाळायची.

हा हिशेब भारतीय हवाई दलाच्या १२व्या स्क्वॉड्रनने फार तुटपुंज्या साधनांवर केला. १ डिसेंबर १९४५ रोजी कोहाटला स्पिटफायर विमानांवर उभी राहिलेली ही स्क्वॉड्रन पुढच्या वर्षी डाकोटा या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानांवर आली. २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला पोचले ते डाकोटांतूनच. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिली डाकोटा लेहला उतरवली. विमानात मेजर जनरल थिमय्या होते. खालची कच्ची धावपट्टी सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने तयार केली होती. डाकोटाच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नव्हती, हे वाटेतल्या खिंडींच्या उंचीकडे बघून आठवावं.

वजन कमी करणं हा एक उपाय, तर जोर वाढवणं हा दुसरा. पॅकेट (सी-११९) या मालवाहू विमानांच्या पाठीवर जादा जेट इंजिन बसवलं गेलं ते याचसाठी. जुलै १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. १६,६१४ फुटांवरच्या याच पट्टीवर ७७व्या स्क्वॉड्रनचं सी-१३०जे हे मालवाहू विमान २० ऑगस्ट २०१३ रोजी उतरलं.

काट्यावर चढवा, अंदाज नको

प्रत्येक नग काट्यावर मोजून त्याच्यावर वजन खडूने लिहा. वाहन असेल तर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजा, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य काढता येतो. युनिटने दिलेल्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. गाडीत शेवटच्या क्षणी टाकलेली पाण्याची कॅन आणि तंबूच्या खुंट्या त्या कागदावर कधीच नसतात.

सी-१३०जे आणि त्याहून मोठ्या सी-१७ मध्ये ४६३एल पॅलेट, म्हणजे माल रचायचे सपाट धातूचे पाट, चालतात. माप २.७४ बाय २.२४ मीटर, रिकामं वजन सुमारे १३१ किलो, क्षमता ४,५३६ किलो. जड माल तळाशी आणि मधोमध, हलका वर, त्यावर एक वरची आणि दोन बाजूंच्या जाळ्या. भरलेलं पॅलेट थेट जमिनीवर टेकवू नका, खाली तीन ओंडके घाला. तळ वाकला की ते विमानाच्या फरशीवरच्या रूळांत अडकतं, आणि इंजिनं चालू असलेल्या विमानात अडकलेलं पॅलेट सोडवण्याइतकं किचकट काम नाही.

अरुंद चाकाचा किंवा पायाचा भार फरशीला भोक पाडू शकतो. त्याखाली फळी घाला. एक इंच जाडीची फळी भार चारही बाजूंना साधारण एकेक इंच पसरवते. ४ बाय ४ इंचांच्या पायाखाली दोन इंची फळी घातली की क्षेत्र ८ बाय ८ होतं, म्हणजे दाब चौथ्या हिश्शावर येतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये ४४व्या स्क्वॉड्रनच्या अँटोनोव्ह-१२ विमानांनी २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे पूर्व लडाखमधल्या चुशूलला नेले. सुमारे १५ टनांचा रणगाडा आणि २० टन क्षमतेचं विमान, पण धावपट्टी चौदा हजार फुटांच्या घरात. कागदावरची पाच टनांची मोकळीक त्या हवेत किती उरते, ते वरच्या हिशेबावरून कळेल.

तोल

समजा उदाहरणापुरते तीन नग आहेत. ठरलेल्या शून्यरेषेपासून ८ मीटरवर २,००० किलो, १२ मीटरवर ३,००० आणि १६ मीटरवर १,५००. वजन गुणिले अंतर: १६,००० अधिक ३६,००० अधिक २४,०००, एकूण ७६,०००. भागिले ६,५०० किलो, म्हणजे मालाचा मध्य ११.६९ मीटरवर. आता पुढचा आणि मागचा नग अदलाबदल करा: १२,००० अधिक ३६,००० अधिक ३२,००० म्हणजे ८०,०००, आणि मध्य १२.३१ वर. ४५,००० किलोचं विमान मध्य १२ मीटरवर धरून यात मिळवलं, तर एकूण मध्य ११.९६ वरून १२.०४ वर जातो. दोन नगांची नुसती जागा बदलली आणि मध्य ८ सेंटिमीटर सरकला. एकूण मुभा मीटरभरही नसते.

मध्य फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलायला शेपटीवरचं आडवं सुकाणू पुरत नाही. फार मागे गेला तर नाक आपोआप वर जातं आणि खाली आणता येत नाही. हे दुसरं जास्त घातक.

साखळ्या

माल बांधताना धरायचा जोर: पुढच्या दिशेने वजनाच्या तिप्पट, मागे दीडपट, दोन्ही बाजूंना दीडपट, वर दुप्पट. ३,००० किलोची गाडी घेऊ. पुढचा जोर ९,००० किलो. साखळीची क्षमता ४,५३६ किलो, पण ती फरशीशी ३० अंश आणि विमानाच्या लांबीशी ३० अंश बांधली तर पुढेमागे कामी येतो फक्त ७५ टक्के, म्हणजे ३,४०२ किलो. ९,००० ला तीन साखळ्या लागतात, पण जोडीजोडीने बांधायचं म्हणून चार. मागच्या ४,५०० साठी दोन. आता या सहा साखळ्या वर आणि बाजूला पुरतात का ते तपासा: वर प्रत्येकी निम्मा, सहांचे १३,६०८, गरज ६,०००. बाजूला प्रत्येकी ४३ टक्के, एका बाजूच्या तिघींचे सुमारे ५,८९० किलो, गरज ४,५००. जमलं.

मात्र फरशीची कडी किंवा गाडीचा हूक साखळीपेक्षा कमजोर असेल तर हिशेबात त्याचाच आकडा धरायचा. एकाच दिशेला साखळी आणि नायलॉनचा पट्टा एकत्र वापरू नका. पट्टा ताणतो, साखळी ताणत नाही, त्यामुळे सगळा भार साखळीवर येतो आणि पट्टा नुसता शोभेला राहतो. उड्डाणानंतर पहिल्या काही मिनिटांत ताण पुन्हा तपासा.

ही सगळी काळजी उगाच नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बग्रामहून उडालेल्या एका नागरी ७४७ मालवाहू विमानात चिलखती वाहनं होती. एक सुटलं, मागे घसरलं, शेपटीच्या नियंत्रणाची यंत्रणा मोडली आणि विमान धावपट्टीच्या टोकाशी कोसळलं. सातही जण गेले. बांधणी वाहनाच्या वजनाला पुरेशी नव्हती.

वाहनाची टाकी काठोकाठ भरू नका, रॉकेलच्या डब्यांतही मोकळी जागा ठेवा; वर दाब घटला की झाकणातून झिरपतं. बंद पाकिटं फुगतात ती याच कारणाने.

जवान असतील तर लेहला पोचल्या पोचल्या कामाला जुंपता येत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस हवा अंगवळणी पाडायची, मग वरच्या टप्प्यांना प्रत्येकी चार. खेपांचं वेळापत्रक या दिवसांना धरून आखा, नाहीतर माल पुढे जातो आणि उतरवून घ्यायला माणसं नसतात.

जिथं उतरताच येत नाही

तिथं हवाई छत्रीने (पॅराशूटने) माल टाकायचा. ३०० मीटरवरून टाकलेला नग सेकंदाला ८ मीटरने उतरला तर साडेसदतीस सेकंद हवेत राहतो. सेकंदाला ५ मीटरचा वारा त्याला सुमारे १९० मीटर वाहवतो. म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला तेवढं सरकून सोडायचं. दरीत वरचा आणि खालचा वारा वेगळा असतो, त्यामुळे पहिला नग चाचणीचा समजावा. शिवाय मागून नग सुटत गेला की तोल दर क्षणी बदलतो, म्हणून सोडण्याचा क्रम तोलाच्या गणितातच लिहिलेला हवा.

उतरवताना

जड नग मागच्या रॅम्पवर आला की विमान शेपटीवर बसू शकतं. मागे टेकू लावल्याशिवाय हात घालू नका. उंचावर इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नसल्याने बऱ्याचदा ती बंदच करत नाहीत, तेव्हा हातवाऱ्यांच्या खुणा आधी ठरवून ठेवा. शेवटी साखळ्या आणि ताण देणारी उपकरणं मोजून परत विमानात टाका. वर चार राहिली तर उद्याच्या खेपेला एक गाडी खालीच ठेवावी लागते.