बॉस्टनच्या शाळाबसचा इतिहास वर्गात कसा शिकवावा

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९७४ मध्ये कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवलं गेलं. अकरावीला हा विषय शिकवताना मी सुरुवात न्यायालयापासून करत नाही, नकाशापासून करते. तुम्हीही बॉस्टनचा मोठा नकाशा लावा आणि मुलांकडून दोन वस्त्यांभोवती वर्तुळं काढून घ्या. रॉक्सबरी मुख्यतः कृष्णवर्णीयांची, साउथ बॉस्टन आयरिश वंशाच्या गोऱ्या कामगारांची. गरिबी दोन्हीकडे.

मग सांगा, शहराच्या शाळा समितीने कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना जाणूनबुजून वेगळं ठेवलं, असा निकाल न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी जून १९७४ मध्ये दिला आणि या दोन वस्त्यांची जोडी लावून मुलांना बसने एकमेकांकडच्या शाळांत पाठवायचं ठरलं. १२ सप्टेंबरला, पहिल्याच दिवशी, साउथ बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले, काचा फुटल्या. इथे घाई करू नका. बसमधली मुलं आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाची होती. गरिबीचं कारण पुढे करून कुणी त्या दगडांवर पांघरूण घालू लागलं, तर तिथेच अडवा.

त्यानंतरच तिसरं वर्तुळ काढा: वेलस्ली, सुखवस्तू उपनगर. गॅरिटी तिथे राहत. तिथल्या शाळांना आदेश लागूच नव्हता. 'का?' मुलंच विचारतात. तेव्हा डेट्रॉइट शहराच्या शाळांचा असाच खटला काढा. जुलै १९७४, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, ५ विरुद्ध ४: उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. शाळांत वंशावरून मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला लढवलेले थर्गुड मार्शल आता याच न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांनी कडक भिन्नमत लिहिलं.

गृहपाठ म्हणून तिन्ही वर्तुळांतल्या एकेका आईच्या बाजूने परिच्छेद लिहायला द्या. वेलस्लीच्या आईचा सगळ्यात शेवटी तपासा.